ऑक्सिमीटरवरचा दुसरा आकडा

गेल्या महिन्यात शेजारच्या गावी एका वर्षश्राद्धाला गेलो होतो. जेवणे आटोपून माणसे मांडवात सुपारी कातरत बसली होती आणि बोलणे, हल्ली जिथे तिथे वळते तसे, तरण्याताठ्या पोरांच्या अचानक मृत्यूंवर आले. कोणी क्रिकेट खेळताना कोसळला, कोणी वरातीत नाचताना, कोणी व्यायामशाळेत. "लस घेतल्यापासून हे सुरू झालंय," एक निवृत्त शिक्षक म्हणाले आणि पुराव्यादाखल त्यांनी गावातल्याच एका मुलाचे नाव घेतले. "सैन्याच्या भरतीसाठी पळत होता. लस टोचली आणि पळता पळता पडला. नशीब बलवत्तर म्हणून वाचला." भोवतीच्या आठदहा जणांनी माना डोलावल्या.

मला राहवले नाही. म्हटले, "गुरुजी, तो मुलगा पडला सप्टेंबर २०२० मध्ये. आपल्या देशात पहिली लस टोचली गेली १६ जानेवारी २०२१ ला. त्याच्या वयाच्या मुलांना ती खुली झाली १ मे २०२१ ला. तो पडला तेव्हा लस नावाची गोष्टच नव्हती."

गुरुजी क्षणभर थांबले. मग म्हणाले, "असेल. पण डॉक्टर, कशामुळं तरी झालंच ना?"

कशामुळे झाले ते मला ठाऊक होते. पण ते त्या मांडवात सांगणे मला जमले नाही, कारण त्या गोष्टीत माझाही वाटा आहे. म्हणून इथे लिहितो.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी १९७९ पासून व्यवसाय करतो. साधा एमबीबीएस. तापखोकला, जुलाब, साखर, रक्तदाब, बाळंतपणानंतरची तपासणी, असे जे दारात येईल ते पाहतो. सप्टेंबर २०२० चे ते दिवस आठवा. महिन्याच्या मध्याला देशात रोज नव्वद हजारांहून अधिक नवे रुग्ण सापडत होते. माझा कंपाउंडर स्वतः आजारी, दवाखान्याच्या दाराला दोरी बांधलेली, माणसे रस्त्यावर खुर्च्यांवर बसलेली. तो मुलगा विशीचा. बाप शेतकरी, दोन एकर ऊस आणि एक जर्सी गाय. मुलगा रोज पहाटे कॅनॉलच्या कडेने सहा किलोमीटर पळायचा. कोरोना झाला तो अगदी सौम्य: तीन दिवस ताप, वास गेला, बस्स. घरीच अलगीकरणात राहिला. सोळाव्या दिवशी बाप त्याला घेऊन आला.

"डॉक्टर, पोरगं पळंना झालंय. जिना चढलं की धापतंय. छातीत धाडधाड होतंय म्हणतंय."

मी मुलाच्या बोटाला ऑक्सिमीटर लावले. ९८. छाती ऐकली, स्वच्छ. रक्तदाब ठीक. त्या वर्षी ९८ हा आकडा दिसला की डॉक्टर आणि रुग्ण दोघांचाही जीव भांड्यात पडायचा. मी म्हणालो, "अरे, काही नाही. आजारातून उठलास, अशक्तपणा आहे. मनात भीती धरू नकोस. गोळ्या देतो ताकदीच्या, आणि हळूहळू पळायला लाग." तिसऱ्या दिवशी पहाटे तो पळायला लागला आणि चौथ्या किलोमीटरला कॅनॉलच्या पुलाजवळ पडला.

ऑक्सिमीटरवर दोन आकडे असतात. एक प्राणवायूचा आणि दुसरा नाडीचा. त्या दिवशी दुसरा आकडा ११२ होता. स्वस्थ बसलेल्या, रोज सहा किलोमीटर पळणाऱ्या, ताप उतरून दोन आठवडे झालेल्या मुलाची नाडी साठ-पासष्ट असायला हवी. मी तो आकडा पाहिला नाही असेही नाही. माझ्या वहीत तो माझ्याच अक्षरात लिहिलेला आहे: "९८/११२. अशक्तपणा." लिहिला आणि त्याचा अर्थ लावला नाही. सारा देश त्या वर्षी पहिल्या आकड्याकडे डोळे लावून बसला होता. पुढे त्याची जागा छातीच्या स्कॅनमधल्या 'स्कोअर'ने घेतली. बसस्टँडवर भेटलेला माणूसही "स्कोअर किती?" असे विचारायचा. फुफ्फुसापलीकडे शरीरात आणखी काही आहे, हे आम्ही सगळेच विसरलो होतो.

मुलाबरोबर पळणारे दोघे होते म्हणून तो वाचला. एकाने एनसीसीत शिकल्याप्रमाणे छाती दाबायला सुरुवात केली, दुसऱ्याने दुधाचा टेंपो अडवला. तालुक्याच्या रुग्णालयात ईसीजीवर हृदयाचे ठोके बेबंद पळत असल्याचे दिसले. विजेचा झटका देऊन ते ताळ्यावर आणावे लागले. तिथून मोठ्या शहरात. रक्तवाहिन्यांची अँजिओग्राफी झाली, त्यात एकही अडथळा नाही. ट्रोपोनिन, म्हणजे हृदयाचा स्नायू दुखावला की रक्तात उतरणारे प्रथिन, भरमसाट वाढलेले. इकोमध्ये हृदयाचे पंपिंग तीस टक्के. ते पंचावन्नच्या वर असावे लागते. निदान झाले मायोकार्डायटिस, हृदयाच्या स्नायूचा दाह.

हे नाव सामान्य वाचकाला अपरिचित वाटेल, पण दुखणे जुने आहे. विद्यार्थी असताना, सत्तरच्या दशकात, मी ते घटसर्पाच्या वॉर्डात पाहिले. तेव्हा त्रिगुणी लस सर्वदूर पोहोचली नव्हती. देशाचा लसीकरणाचा विस्तारित कार्यक्रमच १९७८ साली सुरू झाला. घटसर्पाचे मूल घशाच्या संकटातून बाहेर यायचे, श्वास मोकळा व्हायचा, आई हसायला लागायची, आणि दुसऱ्या आठवड्यात मूल अंथरुणात उठून बसताच गळून जायचे. घशातल्या जंतूंचे विष हृदयापर्यंत पोहोचलेले असायचे. म्हणून आमच्या सिस्टर त्या मुलांना मान उचलू देत नसत. घरी आजीही मुदतीच्या तापातून उठलेल्या माणसाला एकवीस दिवस वखरापाशी जाऊ देत नसे. तिला शास्त्र ठाऊक नव्हते, पण तापानंतर शरीरावर एकदम भार टाकू नये एवढे तिला पक्के माहीत होते. पुढे प्रतिजैविके आली, घटसर्प ओसरला, आणि विश्रांती ही उपचारातली गोष्ट न राहता आळसाची गोष्ट झाली. मीही त्याच प्रवाहातला.

विषाणूंचेही तसेच. न्यूयॉर्क राज्यातल्या कॉक्सॅकी नावाच्या लहानशा गावात १९४८ साली सापडलेला आणि त्या गावाचेच नाव लागलेला विषाणू हृदयाच्या स्नायूचा दाह करण्यात कुख्यात आहे. फ्लूचा विषाणूही ते करतो. तेव्हा कोरोनाच्या नव्या विषाणूने हृदयाला हात घातला यात जगावेगळे काही नव्हते. प्रश्न होता तो किती जणांच्या आणि कसा.

कसा, याचे उत्तर आज बऱ्यापैकी हाती आहे. ज्या एसीई-२ नावाच्या कडीला धरून हा विषाणू पेशीत शिरतो, ती हृदयातही असते. पण विषाणू हृदयात शिरून स्नायू खातो, असे चित्र डोळ्यांसमोर आणू नये. बहुतेक वेळा हानी करतो तो आपल्याच प्रतिकारशक्तीचा भडका. शिवाय बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्या होतात, आणि गंभीर न्यूमोनियात प्राणवायू कमी पडून हृदय वेगळेच उपाशी राहते. कोरोनाने दगावलेल्यांच्या २७७ हृदयांच्या विच्छेदनाचे निष्कर्ष एकत्र करून २०२१ मध्ये दोघा शरीरविकृतितज्ज्ञांनी तपासले, तेव्हा काटेकोर निकषांवर उतरणारा खरा स्नायुदाह दोन टक्क्यांहूनही कमी निघाला; गुठळ्या आणि इतर प्रकारची इजा मात्र अधिक. म्हणजे कोरोनात हृदय दुखावते हे खरे, पण दुखावलेल्या प्रत्येक हृदयाला 'मायोकार्डायटिस' म्हणणे खरे नव्हे.

किती जणांच्या, या प्रश्नाचा प्रवास मात्र मोठा उद्बोधक आहे, आणि वृत्तपत्रे वाचणाऱ्याने तो जरूर समजून घ्यावा. जुलै २०२० मध्ये जर्मनीतल्या फ्रँकफर्टच्या डॉक्टरांनी कोरोनातून बरे झालेल्या शंभर जणांच्या हृदयांचा एमआरआय काढला. ७८ जणांत काही ना काही दोष, ६० जणांत दाह चालू असल्याची चिन्हे! त्यातले बहुसंख्य घरीच बरे झालेले होते. जगभर ठळक मथळे झाले. महिन्याभरात त्या लेखातल्या आकडेमोडीत चुका निघाल्या, त्या दुरुस्त कराव्या लागल्या. मूळ निष्कर्ष टिकला असे लेखकांनी सांगितले, पण दुरुस्तीला मथळा मिळत नाही. अमेरिकेत 'बिग टेन' या विद्यापीठांच्या संघाने ११ ऑगस्ट २०२० ला फुटबॉलचा हंगामच पुढे ढकलला, त्यामागे हृदयाची ही धास्तीही होती. महिन्याभरात निर्णय फिरवला. त्याच संघाने पुढे १५९७ खेळाडूंची तपासणी केली तेव्हा ३७ जणांत, म्हणजे सव्वादोन टक्क्यांत, दाह आढळला आणि त्यातल्या फक्त ९ जणांना काही त्रास होत होता. व्यावसायिक खेळाडूंत तर, ज्यांची आधी ईसीजी, ट्रोपोनिन आणि इको अशी चाळणी केली आणि संशयितांचाच एमआरआय काढला, त्या ७८९ जणांत फक्त ५ जण निघाले.

७८ टक्क्यांवरून अर्ध्या टक्क्यापर्यंत! गुरुजींसारखा माणूस म्हणेल, मग शास्त्रावर विश्वास ठेवायचा तरी कसा? मला वाटते, याच कारणासाठी ठेवायचा. जाळे जितके बारीक तितके मासे जास्त. एमआरआयचे जाळे फार बारीक आहे आणि त्यात अडकलेली प्रत्येक खूण म्हणजे रोग नव्हे. हे कळायला आठ-नऊ महिने लागले. आम्ही मात्र पहिल्या आकड्यावर घाबरलो आणि घबराट ओसरल्यावर विषयच सोडून दिला. अर्धा टक्का म्हणजे काहीच नाही, असे म्हणून. कोट्यवधींना झालेल्या रोगात अर्धा टक्का, पाव टक्का, अगदी त्याचा दहावा हिस्सा म्हणजे किती माणसे होतात याचा हिशेब वाचकांनीच करावा. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने मार्च २०२० ते जानेवारी २०२१ या काळातल्या रुग्णालयांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा कोरोना झालेल्या दर लाख रुग्णांत १४६ जणांना हा दाह होता आणि न झालेल्या दर लाखांत ९ जणांना. जवळपास सोळा पट. हे रुग्णालयाची पायरी चढलेल्यांचे आकडे आहेत, घरोघरच्यांचे नव्हेत, हे लक्षात घेऊनही फरक डोळ्यांत भरतो.

आणि हे दुखणे अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांनाच गाठते असेही नाही. बॉस्टनच्या बेसबॉल संघाचा गोलंदाज एदुआर्दो रॉड्रिगेझ याला २०२० चा सारा हंगाम यापायी सोडावा लागला. बायर्न म्युनिकचा आणि कॅनडाचा वाऱ्यासारखा पळणारा फुटबॉलपटू अल्फोन्सो डेव्हिस जानेवारी २०२२ मध्ये कोरोनानंतर याच कारणाने बाहेर बसला आणि एप्रिलमध्ये परतला. दोघेही परतले, ही बाब महत्त्वाची. त्यांच्याकडे ईसीजी काढणारे होते, "बस" म्हणणारे होते, आणि बसल्यावर पोट भरत होते. कॅनॉलवर पळणाऱ्या मुलाकडे यातले काहीच नव्हते. त्याच्याकडे मी होतो.

लहान मुलांच्या बाबतीत एक वेगळाच प्रकार दिसला, त्याचा उल्लेख करून पुढे जातो. कोरोना होऊन गेल्यावर दोन ते सहा आठवड्यांनी काही मुलांना पुन्हा तीव्र ताप, लाल डोळे, पोटदुखी आणि हृदयाचा दाह होऊ लागला. एप्रिल २०२० च्या अखेरीस ब्रिटनने त्याचा पहिला इशारा दिला. लक्षणे जपानचे डॉ. तोमिसाकु कावासाकी यांनी १९६७ मध्ये वर्णन केलेल्या आजारासारखी. नेमके त्याच वर्षी, जून २०२० मध्ये, वयाच्या ९५ व्या वर्षी ते गेले. आपल्याकडेही प्रत्येक लाटेनंतर अशी मुले बालरोगतज्ज्ञांकडे आली आणि वेळेवर स्टेरॉइड व इम्युनोग्लोब्युलिन मिळालेली बहुतेक बरी झाली.

आता लशीकडे येतो. मांडवातला वाद तिथेच होता, आणि त्यावर गुळमुळीत बोलण्यात अर्थ नाही. लशीमुळे मायोकार्डायटिस होतो का? होतो. काही लशींमुळे, काही जणांना, क्वचित. फायझर आणि मॉडर्ना या एम-आरएनए तंत्राच्या लशींनंतर, विशेषतः दुसऱ्या मात्रेनंतर काही दिवसांत, तरुण मुलांत तो आढळला. इस्रायलमध्ये १६ ते १९ वयाच्या मुलांत साधारण ६६०० मागे एक असे त्याचे प्रमाण निघाले. त्यातले बहुतेक रुग्ण सौम्य होते व बरे झाले. इंग्लंडमध्ये सुमारे ३ कोटी ८० लाख लोकांच्या नोंदी पाहिल्या, तेव्हा संसर्गामुळे दर दहा लाखांत ४० जादा रुग्ण आणि लशींच्या मात्रांमुळे एकपासून दहापर्यंत जादा रुग्ण, असा ताळा निघाला. पण त्याच संशोधकांनी पुढच्या वर्षी हेही छापले की चाळिशीखालच्या पुरुषांत मॉडर्नाच्या दुसऱ्या मात्रेचा धोका संसर्गापेक्षा जास्त आहे: दर दहा लाखांत ९७, विरुद्ध १६. स्वीडन आणि फिनलंड यांनी तर ऑक्टोबर २०२१ मध्येच तरुणांना ती लस देणे थांबवले होते. दुसरी द्यायला लागले. लस बंद केली नाही, लपवाछपवीही केली नाही.

आपल्याकडे हे असे कोणी सांगितलेच नाही. आपल्या देशात बहुतांश लोकांना मिळाली ती पुण्यात बनलेली कोविशील्ड, आणि त्या खालोखाल कोव्हॅक्सिन. फायझर-मॉडर्ना आपल्या सरकारी मोहिमेत नव्हत्याच. कोविशील्डचा जो दुर्मिळ पण खरा धोका होता तो गुठळ्या आणि घटलेल्या प्लेटलेट यांचा. तो युरोपात २०२१ च्या वसंतातच उघड झाला होता. पण आमच्या माणसांना परदेशी लशीचा परदेशी धोका मोबाइलवरून कळला, तो त्यांनी देशी लशीला चिकटवला, आणि अधिकृत यंत्रणा "लस पूर्णतः सुरक्षित आहे" एवढेच पालुपद म्हणत राहिल्या. पूर्णतः सुरक्षित औषध जगात नाही, हे खेड्यातल्या माणसाला चांगले कळते. त्याने फवारणी केलेली असते, पेनिसिलिनची रिअॅक्शन पाहिलेली असते. त्याला खरा आकडा सांगितला तर तो तोलून पाहतो. न सांगितला तर तो स्वतः एक बनवतो, आणि मग सप्टेंबर २०२० मध्ये पडलेल्या मुलाला २०२१ ची लस टोचली जाते.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने या अचानक मृत्यूंचा अभ्यास केला, तो २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. देशातली ४७ रुग्णालये, ऑक्टोबर २०२१ ते मार्च २०२३ या काळात अकारण अचानक दगावलेले १८ ते ४५ वयाचे ७२९ जण, आणि तुलनेला २९१६ जण. लशीने धोका वाढल्याचे दिसले नाही. दोन मात्रा घेतलेल्यांत तो कमीच होता. धोका वाढलेला दिसला तो कोरोनासाठी रुग्णालयात दाखल व्हावे लागलेल्यांत, घराण्यात अचानक मृत्यू झालेल्यांत, आदल्या दोन दिवसांत भरमसाट दारू प्यालेल्यांत आणि आदल्या दोन दिवसांत शरीराला न झेपणारे कष्ट केलेल्यांत. त्याच सुमारास, ऑक्टोबर २०२३ अखेर, गरब्यातल्या मृत्यूंच्या पार्श्वभूमीवर तेव्हाचे केंद्रीय आरोग्यमंत्री मनसुख मांडविया यांनी गंभीर कोरोना झालेल्यांनी वर्ष-दोन वर्षे अतिश्रम टाळावेत, असे सांगितले. सल्ला चांगला होता. तीन वर्षे उशिरा आला एवढेच.

या अभ्यासाची मर्यादाही सांगितली पाहिजे. गेलेल्या माणसाची माहिती बहुतांशी घरच्यांना विचारून गोळा केलेली आहे. त्यांच्या हृदयाच्या स्नायूत दाह होता की नव्हता, हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय कळत नाही, आणि आपल्याकडे ते पाहिले जात नाही. २०२० मध्ये देशात नोंदल्या गेलेल्या मृत्यूंपैकी डॉक्टरने कारण प्रमाणित केलेले मृत्यू जेमतेम साडेबावीस टक्के होते. जिथे प्रमाणपत्र असते तिथेही आम्ही डॉक्टर लिहितो काय? "हृदयक्रिया बंद पडून." अहो, ती तर प्रत्येकच मृत्यूत बंद पडते! आणि दुसऱ्या दिवशी वृत्तपत्र छापते, "हृदयविकाराच्या तीव्र झटक्याने निधन".

शेतकऱ्यांना मी हे विहिरीवरच्या पंपाच्या उदाहरणाने सांगतो. पाइप तुंबला तरी पाणी बंद, लाइट गेली तरी पाणी बंद, मोटर जळाली तरी पाणी बंद. पण वायरमनला कळते की तिन्ही दुखणी वेगळी आणि त्यांचे इलाज वेगळे. रक्तवाहिनी तुंबते तो हृदयविकाराचा झटका. ठोक्यांची वीज बिघडते ते हृदय बंद पडणे. स्नायूच सुजतो तो मायोकार्डायटिस. एकातून दुसरे होऊ शकते, जसे त्या मुलाचे झाले: सुजलेल्या स्नायूने वीज बिघडवली. पण तिन्हींना एकच शब्द वापरला की विशीच्या मुलाला चाळिशीच्या सिगारेट ओढणाऱ्याच्या रांगेत उभे केले जाते आणि दोघांचेही खरे कारण हरवते.

माझ्या मागण्या फार नाहीत. शवविच्छेदन होते त्या प्रत्येक तरुण, अकारण मृत्यूत हृदयाचे तुकडे पॅथॉलॉजीकडे जावेत; आणि अहवाल घरच्यांना समजेल अशा मराठीत मिळावा. प्राथमिक आरोग्य केंद्रात ईसीजीचे यंत्र आहे तिथे त्याचा कागद असावा. मी अशी केंद्रे पाहिली आहेत जिथे यंत्र प्लॅस्टिकच्या वेष्टनात आहे आणि कागदाचे रोल दोन वर्षे आलेले नाहीत. ट्रोपोनिनची पट्टी गरोदरपणाच्या पट्टीसारखीच हाताळायला सोपी असते, ती ग्रामीण रुग्णालयात ठेवावी. आणि भरतीची मैदाने चालवणाऱ्यांनी, शाळांच्या क्रीडाशिक्षकांनी, गावोगावच्या अकादम्यांनी एवढे पाहावे की फ्लू, कोरोना, डेंगू, कोणत्याही तापातून उठलेल्या पोराला छातीत दुखत असेल, धडधडत असेल, चक्कर येत असेल, नेहमीच्या अंतरात दम लागत असेल, तर आधी ईसीजी, मग पळणे. असली लक्षणे नसतील तर भिऊन घरी बसायचे कारण नाही. चार दिवस चालावे, मग हळू पळावे. आणि दाह झाल्याचे ठरलेच तर तीन ते सहा महिने कष्टाचा व्यायाम पूर्ण बंद. सुजलेल्या स्नायूला पळायला लावणे यासारखा घात नाही.

अमेरिकेतल्या दीड लाखांवर माजी सैनिकांचा वर्षभर मागोवा घेऊन निघालेला निष्कर्ष असा की कोरोनानंतर हृदयाची नाना दुखणी हजारी ४५ जणांना जादा झाली. ते बहुतेक वयस्क पुरुष; त्यांचे आकडे आपल्या विशीच्या पोरांना जसेच्या तसे लावू नयेत. पण माझ्याकडे येणाऱ्या पन्नाशी-साठीच्या रुग्णांना मी आता न चुकता विचारतो, "कोरोना झाला होता का? किती जोराचा?" आणि नाडी मोजतो. पूर्ण एक मिनिट, घड्याळ लावून. नवे डॉक्टर हसतात.

त्या मुलाचे पुढे काय झाले ते सांगायचे राहिले. अकरा दिवस तो रुग्णालयात होता. बापाने गाय विकली. सहा महिने त्याने पाण्याची घागरसुद्धा उचलली नाही. पंपिंग तिसावरून पन्नासवर आले. वर्षानंतर एमआरआय काढला, तेव्हा डाव्या कप्प्याच्या बाहेरच्या भिंतीत एक पातळ वण दिसला. बरा झालेल्या दाहाचा वण असतो तसा. त्याने चालायला, सायकल चालवायला, शेतात काम करायला हरकत नव्हती. पण असा वण अतिश्रमात पुन्हा वीज बिघडवू शकतो.

सैन्याची भरती दोन वर्षे बंदच होती. जून २०२२ मध्ये अग्निपथ योजना आली, आणि त्या वर्षापुरती वयाची अट एकवीसवरून तेवीसवर नेली. मुलगा तेव्हा बावीसचा. वय बसत होते. जुलैत तो एका संध्याकाळी दवाखाना बंद व्हायच्या वेळी आला. तयारी करून घेणाऱ्या अकादमीला डॉक्टरचा दाखला हवा होता, धावण्यास योग्य असल्याचा. कागद त्याने घडी न मोडता प्लॅस्टिकच्या पिशवीत आणला होता.

"डॉक्टर, तिथं एमआरआय काढत नाहीत. मी चौकशी केलीय," तो म्हणाला. "साधी तपासणी असते. ईसीजी माझा सरळ येतो आता."

मी म्हटले, "बाळा, मला तो वण दिसलाय."

"तुम्हीच म्हणला होता पळ म्हणून."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. आजही नाही. मी सही केली नाही. तो अर्धा तास बाकावर बसून होता. मग कागद पुन्हा पिशवीत घालून गेला. त्याच्या बापाने पुढे वर्षभर मला रामराम केला नाही, घरचे आजारी पडले तर शेजारच्या गावी नेले. ते मला मान्य होते.

सध्या तो उसाच्या रोपांची रोपवाटिका चालवतो. सव्वादोन लाख रोपे गेल्या हंगामात गेली म्हणाला. लस त्याने २०२१ मध्येच घेतली, दोन्ही मात्रा, माझ्यासमोर. दर सहा महिन्यांनी इको करतो आणि अहवाल मला दाखवायला आणतो. शेवटच्या अहवालात पंपिंग ५४ होते. बोटाला ऑक्सिमीटर लावले तेव्हा नाडी ६८ होती.